तळ्याची वाटणी

मातीची पाहणी करणारा सरकारी माणूस शेतात भोकं पाडायला येणार ही बातमी आयलर्ट मैंडर्सला आठवडाभर आधीच लागली होती. माणूस आला तेव्हा ती बाई निघाली. वय सव्वीस-सत्तावीस, गुडघ्यापर्यंत बूट, खांद्यावर पुरुषभर उंचीचं गिरमिट आणि नाव मिली काडलेक. आयलर्टची बायको गेशे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत म्हणाली, "आयलर्ट, ही पोर वाऱ्याने उडाली तर शोधायला तुलाच जावं लागेल. हिला आधी काही खायला घाल."

एकोणीसशे एकोणऐंशी सालचा ऑक्टोबर होता. मका काढून झाला होता आणि धसकटांवरून कावळे चालत होते. उत्तर आयोवातल्या त्या पंचक्रोशीत आयलर्टच्या घरामागच्या ऐंशी एकरांसारखं शेत नव्हतं. सपाट, काळंभोर, पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी वाफसा, आणि पाऊस नाही झाला तरी खाली ओल धरून ठेवणारं. लोक कौतुक करत. आयलर्ट मात्र ते कौतुक ऐकताना घसा खाकरून विषय बदलायचा, कारण त्या शेताला एक बोल चिकटलेला होता.

गोष्ट जुनी होती. आयलर्टचा बाप हब्बो आणि काका रेम्ट हे दोघे भाऊ जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरून, पूर्व फ्रीसलंडमधून, एकाच बोटीने आले. दोघांनी मिळून एकशेसाठ एकर घेतले आणि नऊ साली ते निम्मे-निम्मे वाटले. पूर्वेचं सपाट हब्बोला, पश्चिमेच्या टेकड्या रेम्टला. चौतीस सालच्या दुष्काळात टेकड्यांवरचा मका गुडघ्याएवढाच वाढून करपला आणि हब्बोच्या काळ्या मातीत मात्र कणसं धरली. त्या उन्हाळ्यात रेम्टची बायको फोल्के चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "काळं काळं थोरल्याने खाल्लं, पिवळं पिवळं आम्हाला वाढलं."

फोल्केची जीभ म्हणजे नुसता विळा. तो बोल एका रविवारात गावभर झाला. हब्बोने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढची तेरा वर्षं, मरेपर्यंत, कधीच नाही. बावीस वर्षांचा आयलर्ट बापाच्या तोंडाकडे बघत राहिला होता. बाप आता बोलेल, मग बोलेल. निरपराध माणूस असा मूग गिळून कशाला बसेल? शेवटी आयलर्टने मनाशी ठरवून टाकलं की काकू खरं बोलते. आपला बाप लबाड होता आणि आपण त्या लबाडीवर जेवतो. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, गेशेलाही नाही.

दोन घरांचं येणंजाणं तेव्हापासून बंद. रेम्ट गेला, फोल्केही गेली. टेकडीवर आता रेम्टची थोरली मुलगी हिल्का एकटी राहायची. पंचाहत्तर वर्षांची, बिनलग्नाची, काठीसारखी ताठ. चर्चमध्ये ती डावीकडे बसे आणि आयलर्ट उजवीकडे. समोरासमोर आलेच तर तो मान वळवून टोपी चाचपायचा.

तर मिलीने शेताच्या मधोमध गिरमिट रोवलं आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. आयलर्ट हात मागे बांधून उभा होता. पहिले दोन फूट काळी माती आली, नुसत्या बोटांनी कुस्करावी अशी. आयलर्टने बघा म्हणून भुवया उडवल्या. मग गिरमिट आणखी खाली गेलं आणि वर आली ती राखाडी, किंचित हिरवट, चिकट माती, तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके. मिलीने ती कागदावर ओळीने मांडली. खिशातून रंगांची वही काढून मातीचा गोळा एकेका चौकोनाशी लावून पाहिला. छोट्या बाटलीतून आम्लाचा थेंब टाकला तशी माती फसफसली. त्यात पांढरे कण होते. तिने एक उचलून आयलर्टच्या तळहातावर ठेवला. गोगलगाईचा शंख होता, मसुराएवढा.

मग ती वहीत लिहायला लागली. आयलर्टने तिच्या खांद्यावरून वाचलं. निचरा: वाईट.

"वाईट?" तो म्हणाला. "बाई, या शेताचा निचरा वाईट? जूनमध्ये चार इंच पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी मी इथे ट्रॅक्टर घातला. खाली नळ्या आहेत नळ्या, भाजलेल्या मातीच्या, माझ्या बापाने हाताने पुरलेल्या."

"नळ्या छान आहेत हो," मिली म्हणाली. "पण मी नळ्यांचं लिहीत नाही, मातीचं लिहिते. ज्या मातीत पाणी उभं राहतं तिचा रंग असा उडतो. मग तुम्ही पाणी काढून घेतलं तरी तो रंग परत येत नाही. हिमनदीच्या बर्फाने ही माती इथे आणून टाकली, त्याला बारा-तेरा हजार वर्षं झाली असतील. बर्फ वितळलं, खळगा राहिला, खळग्याला वाट नाही, म्हणून पाणी साचलं. सत्तर वर्षांच्या नळ्यांनी तिचं काय होणार?"

"म्हणजे इथे डबकं होतं म्हणता."

"डबकं नाही, तळं. होडी चालेल एवढं." तिने गिरमिटाने कुंपणापासून बांधापर्यंत मोठा गोल दाखवला. "सोयाबीन पेरता तेव्हा एक पट्टा पिवळा पडतो ना? असा वळत जाणारा?"

"दर वेळी. काही केलं तरी."

"तो तळ्याचा काठ. तिथे चुना साठलाय. आत तळं, बाहेर सगळी दलदल."

आयलर्टने तळहातावरचा शंख उलटासुलटा केला. मग त्याने सावकाश विचारलं, "नळ्या तेरा साली पुऱ्या झाल्या. नऊ साली इथे काय असेल?"

"बदकं," मिली म्हणाली. "आणि डास."

"आणि तिकडे, टेकडीवर?"

"काल तिथेच होते. खाली छान तपकिरी माती, पाणी कधी थांबलेलंच नाही. आल्या दिवशी नांगर धरावा अशी जमीन."

"आणि त्या वर्षी कुणी तुम्हाला म्हणालं असतं की यातलं एक घे, तर?"

मिली हसली. "वेडा सोडून कुणीही टेकडीच घेईल, मिस्टर मैंडर्स."

आयलर्ट तिथेच धसकटांत खाली बसला. मिलीला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. भोवळ नव्हती. बापाचं तोंड त्याला दिसत होतं, टोपीखालचं, गप्प. थोरला भाऊ, तेव्हा सडाफटिंग, आणि धाकट्याच्या घरात तीन पोरं. थोरल्याने तळं घेतलं आणि कोरडी जमीन धाकट्याला दिली. आयलर्टला आनंद झाला. आणि त्याच्या मागोमाग लाज आली. गावाने बापाला लबाड म्हटलं ते म्हटलं, पण पंचेचाळीस वर्षं आपणही तेच म्हणत होतो.

घरी गेशेने चहा ओतला. खडीसाखर, वर साय. कप रिकामा झाला की गेशे भरायची आणि मिली भिडेने प्यायची. सहाव्या कपाला आयलर्टनेच तिच्या कपात चमचा उभा केला. "नको असेल तर असा ठेवायचा. नाहीतर ही बाई तुझंही तळं करेल."

मिली गेल्यावर त्याने राखाडी मातीचा गोळा वर्तमानपत्रात बांधला आणि कोट चढवला.

"कुठे निघालास?" गेशेने विचारलं.

"टेकडीवर."

"शिळ्या कढीला ऊत आणू नकोस, आयलर्ट."

"आणणार," तो म्हणाला. "बापाचं नाव आहे."

हिल्काने दार उघडलं. त्याच्याकडे पाहिलं, मग पुडक्याकडे. तिने पुडकं उलगडलं.

"चिखल," ती म्हणाली. "माझ्या घरी चिखल आणायला पंचेचाळीस वर्षं लागली तुला?"

वाटेत जुळवलेलं सगळं भाषण आयलर्टने उभ्याउभ्याच म्हणून टाकलं. रंग, शंख, बदकं. आवाज चढत गेला. "म्हणून सांगतो, काळं माझ्या बापाने खाल्लं नाही. नऊ साली ते काळं नव्हतंच. त्याने तळं घेतलं आणि तुमच्या बापाला कोरडं दिलं. हे तुझ्या तोंडून मला ऐकायचंय."

"मग ऐक. हब्बोकाकाने तळं घेतलं," हिल्का म्हणाली. "मला काय सांगतोस? मी पाच वर्षांची होते. त्याच तळ्यातले बेडूक धरायचे मी. काका बाबांना म्हणाला, 'तुझ्या घरात पाच तोंडं, माझं एक. टेकडी तू घे.' पुढे चार वर्षं, तुझी आई येईपर्यंत आणि नंतरही, तो आमच्याच ताटावर जेवला. तळ्यात काय पिकणार होतं?"

"ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"आईला खोटं कोण पाडणार? बाबांना नाही जमलं, मला जमणार होतं? आणि आई गेल्यावर बोलावं म्हटलं तर तू मान वळवायचास. मला वाटलं, तुला सगळं माहीत आहे आणि राग धरून बसलायस. मैंडर्सांना राग छान धरता येतो." ती खुर्चीवर बसली आणि त्यालाही काठीने खुर्ची दाखवली. "पण तुला अर्धंच कळलंय. तळं रिकामं कसं झालं? काकाने फुंकर मारली?"

"नळ्यांतून."

"नळ्या कुठून गेल्या?"

"ओढ्याकडे. टेकडीखालून."

"टेकडी कुणाची?"

हे त्याला ठाऊक होतं, पण त्याचा विचार त्याने कधी केला नव्हता.

"खळग्याला चारी बाजूंनी काठ," हिल्का म्हणाली. "पाणी जाणार तर आमची टेकडी कापूनच. माथ्यापाशी चौदा फूट खोल चर. दोन वर्षं, हिवाळा तोंडावर येईपर्यंत दोघे भाऊ खणत होते, नुसत्या कुदळी आणि फावडी. उताराचा अंदाज बाबांचा चांगला, म्हणून ते पुढे. मी दुधाच्या किटलीतून चहा न्यायचे. दुसऱ्या वर्षी काठ कोसळला. बाबा छातीपर्यंत गाडले गेले. काकाने फावडं टाकलं, पायाला लागेल म्हणून, आणि हाताने उकरलं. नखं गेली त्याची. बाबा निघाले, पाय नाही निघाला नीट."

"रेम्टकाका घोड्यावरून पडले होते ना?"

"आमच्याकडे बसायचा घोडा होता कधी? बाबांनीच तसं सांगायला लावलं सगळ्यांना. म्हणाले, खरं सांगितलं तर हब्बो जन्मभर माझ्या पायाकडे बघत राहील."

आयलर्टला लहानपणी पाहिलेलं रेम्टकाकाचं लंगडत चर्चच्या पायऱ्या चढणं आठवत होतं, आणि शेजारून, एक पायरी मागे राहून, चढणारा आपला बाप. तो मुद्दाम मागे राहायचा. फोल्केकाकूचा बोल त्या माणसाला लागला नसेल असं नाही. पण ज्याचा पाय आपल्या तळ्यापायी गेला त्याच्या बायकोला काय उत्तर द्यायचं? बाप लबाड म्हणून गप्प नव्हता. तो ऋणी होता.

"मी बापाची बाजू मांडायला आलो होतो," आयलर्ट म्हणाला. "तुझ्या बापाचे आभार कुणी मानले का, हिल्का?"

"काकाने मानले असतील. आम्ही ऐकले नाहीत." ती उठली, दारामागचं दाताळं घेतलं आणि शाल गुंडाळली. "चल. मी निघालेच होते. आलास तसा कामाला ये."

टेकडी उतरून दोघं ओढ्यावर आले. काठातून हातभर रुंद नळ बाहेर आला होता, तोंडाला लोखंडी गज. गजांत गवत, मक्याची पानं, गाळ आणि वाळुंजाच्या झाडाची केसांसारखी मुळं गच्च अडकली होती. त्यांच्या फटींतून त्याच्या शेताचं पाणी बारीक धारांनी पडत होतं.

"हे असं तुंबतं?" आयलर्टने विचारलं.

"दर वर्षी. आता नाही काढलं तर मेमध्ये तुझं तळं परत येईल."

"मग काढतं कोण?"

हिल्काने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो पाच वर्षांचा होता. "आधी बाबा काढायचे, तो पाय घेऊन. छप्पन सालापासून मी."

आयलर्टने हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. तेवीस शरद ऋतू. दर नोव्हेंबरात तो चर्चमध्ये उभा राहून पीक चांगलं आल्याबद्दल देवाचे आभार मानत होता, आणि डावीकडच्या बाकावर ही बसलेली असायची, हात भेगाळलेले.

"हिल्का, माझं शेत तू राखलंस," तो म्हणाला. "मी मान वळवत होतो आणि तू माझं शेत राखत होतीस. तुझे आभार मानायला मला शब्द नाहीत."

"नसू देत. वाकायला पाठ आहे ना? माझी गेली आता." तिने दाताळं त्याच्या हातात दिलं.

आयलर्ट बुटांसकट ओढ्यात उतरला. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि बर्फासारखं गार.

"डावीकडून लाव," काठावरून हिल्का म्हणाली. "मुळं तिकडून येतात. बाबा डावीकडूनच काढायचे."