सासूसमोरचं मराठी

जयमालाचं डोकं पार फिरलं होतं. दोन महिने ती मोशीहून थेरगावला येऊन या सासू-सुनेला मराठी शिकवत होती, आणि सून सादिका तोंडाला कुलूप लावून बसलेली. सासूचं, खातूनबीचं, बरोब्बर उलटं. डांगे चौकाच्या भाजीबाजारात घासाघीस करत शिकलेल्या. चुकायच्या, पण थांबायच्या नाहीत. एकीला आवरता आवरेना, दुसरी काही केल्या बोलेना!

आज तर कसोटीच होती. पाळणाघरवाल्या कुसुमताई सादिकाला कामासाठी पारखायला घरी आल्या होत्या. सादिकाला ते काम मनापासून हवं होतं, म्हणून तर जयमालानं त्यांना गळ घातली होती.

"मूल रडायला लागलं तर काय करशील गं?" कुसुमताईंनी विचारलं.

सादिकानं सासूकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"मी सांगते की!" खातूनबी सरसावल्या. "त्याला उचलायचा, खांद्यावर घ्यायचा..."

"अहो, तुम्ही नाही!" जयमाला ओरडलीच. "सादिका, बोल ना बाई!"

कुसुमताईंनी चहा संपवला. "पोरांशी बोलणारी बाई पाहिजे मला," म्हणाल्या आणि उठल्या. खातूनबी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेल्या.

"दगडाला शिकवलं असतं तर एव्हाना बोलला असता!" जयमाला कडाडली.

"आधी जवळ घेईन," सादिका हळूच म्हणाली. "भूक लागलीय का बघेन. झोप आली असेल तर थोपटेन. सगळं येतं मला, बाई. पण अम्मी चुकत असताना मी त्यांच्यापुढं धडाधड बोलू? बरं दिसतं का ते?"

जयमालानं कपाळावर हात मारला. सोबत असली की भीड चेपेल म्हणून तिनंच दोघींना एका सतरंजीवर बसवलं होतं. मोशीत स्वतःच्या सासूपुढं तिचा तरी आवाज कुठं फुटायचा?

"अगं, मग आधी सांगायचंस की, भवाने!"

"कधी सांगू? अम्मी इथंच असतात."

खातूनबी दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. सादिकाचा चेहरा उतरला. खातूनबींनी जयमालापुढं हात केला.

"फोन लाव त्या ताईला."

जयमालानं मुकाट्यानं लावून दिला.

"ताई, वापस या ना," खातूनबी म्हणाल्या. "माझी सून माझ्याहून चांगला मराठी बोलते. तुम्ही वर या, मी खाली जाते."

आणि चपला पायात सरकवून त्या निघाल्यासुद्धा.