गैरहजर

बोईसरहून किनाऱ्याकडे नवा रस्ता निघाला, त्या उन्हाळ्यात ठेकेदाराने पाड्याच्या विहिरीला काटेरी तार घातली. पाणी त्याला कामावर हवं होतं. लाडकीने पाड्यातल्या बायका गोळा केल्या आणि सगळ्या रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या. फौजदार आला, उठा म्हणाला. त्या उठल्या नाहीत. मग काठ्या चालल्या. लाडकीला सोडवायला धावलेल्या तिच्या नवऱ्याला, जिवल्याला, पोलिसांनी गाडीत घालून पालघरला नेलं. परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. चौकीत ती बुटाखाली चिरडली होती.

जिवल्या गप्प बसायला तयार होता. लाडकी नव्हती. माहीमची चंद्रकांता मजुरांच्या सभा घेत पाड्यापाड्यांतून हिंडायची. तिने वर अर्ज केले, पुन्हा पुन्हा केले. शेवटी एका साहेबाने चौकशी लावली. रस्त्यावरची मारहाण ज्यांनी पाहिली त्यांनी पालघरच्या कचेरीत येऊन सांगावं, असा निरोप आला.

एकेकटं जायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळे मिळून गेले. सुका, मंगळ्या, नवसी, म्हातारी ठमीसुद्धा. फाटकात तोच फौजदार उभा होता.

"जमावबंदी आहे," तो म्हणाला. "पाचजण एकत्र दिसले की गुन्हा."

"यांना साहेबांनीच बोलावलंय," चंद्रकांता म्हणाली.

"साक्षीला बोलावलंय. मोर्चाला नाही."

"मंग आमी लांब लांब उभं राहतो," लाडकी म्हणाली.

ते खरंच पांगले. कुणी झाडाखाली गेलं, कुणी गटाराच्या कडेला. फौजदाराने त्या सगळ्यांचा एकच जमाव धरला आणि आवारातल्याच कोठडीत कोंडला. चंद्रकांतालाही.

थोड्या वेळाने साहेब आले. पट्टेवाला व्हरांड्यात येऊन पुकारा करू लागला.

"लाडकी जिवल्या, हाजिर आहे?"

"हाय, साहेब," लाडकी गजांतून ओरडली. "इथंच हाय."

पट्टेवाल्याने कोठडीकडे पाहिलं, फौजदाराकडे पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. सुकाने ओ दिली. मंगळ्याने दिली. ठमीचा आवाज फुटेना, तर नवसीने तिच्या नावाने दिली. साहेबांच्या खोलीची खिडकी उघडी होती.

संध्याकाळी त्यांना सोडलं, तोवर साहेबांची मोटार गेली होती. पुढे निकाल कळला: साक्षीदार गैरहजर, तक्रार खोटी.

चंद्रकांताने नवा अर्ज लिहिला. अंगठे घ्यायला ती पाड्यात आली, तर सुका लाकडांना म्हणून डोंगरात निघून गेला होता. मंगळ्याने दार उघडलं नाही. नवसी म्हणाली, "बाय, तू माहीमला जाशील. आमाला इथंच राहायचं हाय."

लाडकीने अंगठा दिला. मग जिवल्याला म्हणाली, "तू बी दे."

तो उठून बाहेर गेला.

एकटीच्या अर्जाला कोण विचारतो, हे चंद्रकांताला ठाऊक होतं. तरी तिने तो टपालात टाकला. उत्तर आलं नाही.