हात तयार आहे

मी शिंपीण. माझे डोळे गेलेत कामातून, म्हणून शाळेत जायच्या आधी लेक मला रोज दहा सुया ओवून ठेवायची. ती आठवीत होती. सगळ्या विषयांत पास झाली तर पुढची फी माफ, नाहीतर शाळा बंद. आमचं सगळं त्या एका निकालावर होतं.

आणि हस्तकलेच्या बाईंनी तिला भोपळा दिला! पिशवी शिवायची होती. पोरीने आठवडाभर खपून शिवली, मला हातसुद्धा लावू दिला नाही. त्यावर शेरा काय, तर ‘आईने शिवून दिलेली’.

माझं डोकंच सणकलं. हातातलं काम टाकून तडक शाळेत गेले. बाईंच्या टेबलावर पहिल्या नंबराची पिशवी होती, डॉक्टरांच्या मुलीची. उलटून पाहिली आणि हसावं की रडावं कळेना. शेवटचा टाका उलटा मारून दोरा अस्तरात ओढून घ्यायची खोड माझी! डॉक्टरीणबाई ‘घरात वापरायला हवीय’ म्हणून माझ्याकडूनच शिवून घेऊन गेल्या होत्या.

“अहो, ही मी शिवलीय,” मी म्हटलं.

बाईंनी मान वरही केली नाही. “चांगल्या घरच्या माणसांवर काहीतरी आरोप करू नका.”

“मग माझ्या लेकीला इथे तुमच्यासमोर शिवायला लावा. होऊन जाऊ दे!”

लेकीला वर्गातून बोलावलं. रुमालाएवढं कापड दिलं. तिने एका झटक्यात सुई ओवली आणि मान खाली घालून तुरपाई केली. टाके शोधूनही सापडू नयेत असे. मला वाटलं, आता बघते ही बया काय बोलते ते.

बाईंनी कापड उलटसुलट करून पाहिलं. “अरे वा, हात तयार आहे की हिचा! मग पुढे शिकवायचा हट्ट कशाला? बसवा आपल्या मशीनवर. आणि निकाल वर गेलाय, मार्क आता बदलत नाहीत.”

शिवायला लावा, असं मीच म्हटलं होतं. मीच.

लेक वाटभर माझ्या चार पावलं पुढे चालली. दुसऱ्या दिवशी मी सुयांची डबी पुढे केली, तर तिने हात पाठीमागे घेतले.

“तूच ओव,” म्हणाली.

तेव्हापासून माझी मीच ओवते. दहादा दोरा चुकतो. ती घरातच असते, दाराशी बसून शाळेत जाणाऱ्या पोरी बघते, आणि माझ्याकडे बघत नाही.