मानाचे धोंडे

तुडीलच्या होडी मालक संघाचे चिटणीस कुशाबा, खजिनदारही कुशाबा, आणि होड्या मापणारे, शिट्टी मारणारे, निकाल देणारेही कुशाबाच. अध्यक्ष म्हणून कुणीतरी असायचा, पण तो नारळ फोडण्यापुरता. सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी काठावर कुणी नवी होडी बांधायला काढली की म्हातारा खांद्यावर फर्मा टाकून हजर. फर्मा म्हणजे लाकडाचा साचा. होडीचं पोट त्यात नेमकं बसलं तर होडी संघाची. नाही बसलं तर खुशाल गवत वाहा, शर्यतीत यायचं नाही.

सावित्री नदीच्या त्या काठाला संघाच्या सगळ्या होड्या एकाच मापाच्या. शर्यत माणसांची असते, होड्यांची नाही, हे कुशाबांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईची माणसं अजून गावात असताना, शर्यत लागायची. जिंकणाऱ्याला फिरता कप, नारळ आणि धोंडा.

धोंड्याचं जरा सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. जो जिंकेल त्याच्या होडीत मधल्या फळीखाली नदीतला एक गुळगुळीत धोंडा काथ्याच्या दोरीनं बांधायचा आणि पुढची शर्यत तो घेऊन मारायची. पुन्हा जिंकलास तर दुसरा धोंडा. हरलास की सगळे सुटले. त्याला मानाचा धोंडा म्हणत आणि तो खरंच मान होता. नदीवरून होडी जाताना बाया एकमेकींना सांगायच्या की बघ, धोंडा हाय हिच्यात. बांधायचा चिटणीसानं, सोडायचाही चिटणीसानं. मधल्या काळात होडीतून गवत वाहा, मासे धरा, वऱ्हाड न्या, धोंडा जागचा हलता कामा नये. काढून परत घालताना कुणी हलका घातला तर? कुशाबांचा लोकांवर तेवढा विश्वास नव्हता. गाठीला कुणी हात लावला की त्याचं नाव कटाप.

एकदा संघातल्याच चांगूनं पेंढा वाहायला म्हणून गाठ सोडली होती. कुशाबांनी भर सभेत संघाच्या वहीतून त्याचं नाव कापलं. चांगूनं कान पकडले, बायकोनं हात जोडले, पण कुशाबा काही द्रवले नाहीत. "आज पेंढ्यासाठी सोडलीस, उद्या कशासाठी सोडशील?" असं विचारलं. शेजारी गोमाजी बसला होता, कुशाबांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो मान हलवून म्हणाला, "कुशा बरोबर बोलतो. नियम म्हंजे नियम."

हा गोमाजी पुढे लागोपाठ तीन वर्षं जिंकला. तीन धोंडे. तिन्हींचं वजन मिळून एका भरल्या अंगाच्या माणसाएवढं. तिसरा बांधताना कुशाबांनी गाठ आवळली आणि गोमाजी म्हणाला, "अजून जिंकलो तर होडीत मला जागा उरायची नाय रे." दोघं पोट धरून हसले.

मग एकवीस सालचा जुलै आला. सावित्री चढली ती खालच्या आळीत घरांच्या पत्र्यांना लागली. कुशाबा तेव्हा पोलादपूरला बहिणीकडे, बनुबाईकडे होते. आंबेनळी घाटात दरडी पडलेल्या, इकडं महाड पाण्याखाली, फोन बंद. ते आठवड्यानं कसेबसे गावात पोचले तेव्हा गोमाजीला जाऊन पाच-सहा दिवस झाले होते. त्यानं एक खेप करून दोन बाया आणि एक पोर आणलं होतं. दुसऱ्या खेपेला दोघं माणसं घेतली, होडी काठोकाठ बसली, वरून वाहत आलेला ओंडका लागला आणि पाणी आत शिरलं. ती दोघं झाडाला धरून वाचली. गोमाजी सापडला तो खाली बांबूच्या बेटात. होडीही तिथंच सापडली, धोंड्यांसकट.

एका माणसाचं वजन. कुशाबांनी हा हिशेब मनात केला आणि तो कुणाला बोलून दाखवला नाही. तो त्यांच्याच पोटात राहिला आणि पोटच खात बसला.

त्यानंतर शर्यत झाली नाही. आधी लोकांना घरं उभारायची होती, मग होड्याच कमी झाल्या. सोळा होत्या, चार उरल्या. कुशाबा सगळ्यांना कारण सांगत: पूल झाला, फायबरच्या होड्या आल्या, पोरं मुंबईला गेली. तरी ते दरवर्षी सभा बोलावत, कप चिंचेनं घासत, फर्म्याला तेल देत. त्यांना वाटायचं की संघ चालू आहे तोवर तो धोंडा मानाचा आहे. संघ मोडला तर तो नुसता धोंडा होणार, आणि तो कुशाबांनी दोस्ताच्या होडीत बांधलेला असणार.

यंदा मात्र हर्षदनं उचल खाल्ली. हर्षद म्हणजे महाडच्या एमआयडीसीत नोकरी करणारा, बापाची होडी राखून असलेला, उत्साही पोरगा. त्यानं व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला, टी-शर्ट छापले, बॅनर लावला. देवळाच्या ओसरीवर सभा झाली आणि ठरलं की पाच होड्या जमल्या तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शर्यत, नाही जमल्या तर संघ बंद, कप शाळेला देऊन टाकायचा.

पाचवी होडी एकच होती. गोमाजीच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली पडलेली.

"गोमाजीकाकांचा मंगेश मुंबईहून आलाय, तो वल्हवायला तयार आहे," हर्षद म्हणाला. "फक्त काका, एक आहे. शेवटचा विनर गोमाजीकाका. म्हणजे ते तीन धोंडे मंगेशच्या होडीत राहायला हवेत. नाहीतर बाकीचे ऑब्जेक्शन घेतील."

"यंदापुरते सोडले तर?" कुशाबांनी विचारलं.

हर्षद हसला. "तुम्ही बोलताय हे, काका? आज सोडलेत, उद्या कशासाठी सोडाल?"

पोरं हसली. चांगू हसला नाही, तो खाली बघून तंबाखू मळत राहिला. कुशाबांनाही हसावं लागलं. आपलंच बोलणं आपल्या तोंडावर आलं की माणसाला दुसरं काय सुचणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फर्मा घेऊन गोमाजीच्या घरी गेले. वाटेत दोनदा थांबले. त्या घरी ते दर दिवाळीला जात, फराळ घेत, चहा पीत, पण गोठ्यामागे एकदाही गेले नव्हते.

अंगणात मंगेश दात घासत होता. बापासारखीच खांद्याची ठेवण. कुशाबांना बघून चूळ भरून पुढे आला. "काका, टेन्शन नको. आपण रेडी आहे. हर्षदनं सांगितलं धोंड्यांचं. तीन तर तीन! बाबानं पण घेतलेच ना? मी रोज जिम मारतो. बाबाचं नाव आहे त्यात, आपल्याला चालेल." आणि वर लगेच, "तो टी-शर्ट बघून येतो, माझा साइज लार्ज आहे," म्हणत गाडीला किक मारून गेलाही.

कुशाबा पायरीवर बसले. तुळसा, गोमाजीची बायको, पाणी घेऊन आली.

"होडीसाठी आलात ना, भावजी? न्या. माजी ना नाय. पोरगा पन खुशीत हाय."

एवढं सोपं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पाच होड्या झाल्या. संघ वाचला. आता उठायचं, ताडपत्री काढायची, फर्मा लावायचा आणि हर्षदला फोन करायचा. पण मंगेशचं ते 'बाबानं पण घेतलेच ना' कानातून जाईना. शेवटी जे पोटात होतं ते बाहेर पडलं, आणि पडलं तेही धड नाही, चाचरत.

"वैनी, मला बोलायचं हाय. त्या धोंड्यांनीच गोमाला नेला. एका मानसाचं ओझं होतं ते. धोंडे नसते तर होडी वर ऱ्हायली असती. मी बांधले ते. माज्या हातानं."

तुळसेनं त्यांच्याकडे बघितलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती खालच्या पायरीवर बसली.

"मला माहीत हाय."

"कसं?"

"मी होती ना तिथं. पयली खेप आली तेवा मी कोयता घेऊन पान्यात उभी ऱ्हायली. बोलली, कापते ती दोरी, येक मानूस जास्त येईल. ते माज्या अंगावर वरडले. बोलले, कुशा आल्याशिवाय त्या गाठीला हात लावायचा नाय. चांगूचं काय केलं ते बघितलं ना?" तिनं पदराचं टोक परत गुंडाळलं. "मरनाचं पानी समोर, आनि ह्यांना तुमच्या वहीतल्या नावाची काळजी."

कुशाबा स्वतःच्या हिशेबात धोंड्यांचं वजन मोजत बसले होते. गोमाजीनं गाठ सोडायची नाही म्हटलं, ते त्यांच्याच नियमापायी म्हटलं, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. ते पोलादपुरात बहिणीच्या हातची गरम भाकरी खात होते, त्याच वेळी.

"येवढी वर्षं बोलला नाय तुमी," ते कसंबसं म्हणाले.

"काय बोलू? तुमी फराळाला यायचे, ह्यांच्या फोटोकडं बघून डोळे पुसायचे. तुमचा पन दोस्त गेला होता. गावात पोरं सोडून सगळ्यांना ठावं हाय, भावजी. ती दोगं झाडाला धरून वाचली ना, त्यांनी बघितले होते धोंडे. लोकांनी होड्या इकल्या त्या काय पुलामुळं? पूल कदीचा हाय. आमच्या आळीतल्या बाया नवऱ्यांना बोलल्या, नको ती होडी, नको ते जिंकनं. पन तुमच्या तोंडावर कोन बोलनार? म्हातारा हाय, येकटा हाय, कप घासत बसतो, घासू दे."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. कुशाबांना सभेत तंबाखू मळणारा चांगू दिसला, दरवर्षी 'फायबरमुळं हो, कुशाबा' असं म्हणणारी माणसं दिसली. लाज वाटली, इतकी की उठून नदीकडे चालत सुटावं. पण गुडघ्यांनी ऐकलं नसतं आणि तुळसाही उठली होती.

"चला," ती म्हणाली.

गोठ्यामागे तिनं ताडपत्री ओढून काढली. होडी सुकून फळ्यांना फटी पडल्या होत्या. आत वाळलेला गाळ तसाच होता, त्यात कुठूनसं गवत उगवून मेलं होतं. मधल्या फळीखाली तीन धोंडे एकाला एक लागून. दोरी काळी पडली होती, पण गाठी जशाच्या तशा. कुशाबांनी त्या लांबूनही ओळखल्या.

"फर्मा लावायची जरूर नाय," तुळसा म्हणाली. "होडी कुठं जानार नाय, नि माजा पोरगा पन जानार नाय. मघाशी मुद्दाम तसं बोलली. तुमचं तोंड उघडतं का बघायचं होतं. उघडलं ते बरं झालं. कुशा आल्याशिवाय सोडायची नाय, बोलले होते. आज आलात. सोडा."

त्या अवघड क्षणी कुशाबांच्या तोंडून जे निघालं ते जन्मभराच्या सवयीनं निघालं, मनात काही नसताना.

"वैनी, हरल्याशिवाय सोडत नायत..."

"अजून काय हरायचं ऱ्हायलं, भावजी?"

ते होडीत उतरले. गुडघे टेकले. काथ्या आवळून दगडासारखा झाला होता. बोटं घसरत होती, नखं तुटत होती. गाठ त्यांनी अशी मारली होती की कुणाला सुटू नये. ती आता त्यांनाही सुटेना. तुळसा गोठ्याच्या मेढीला टेकून उभी राहिली. कोयता भिंतीला होता, पण तिनं तो दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही. खिशातला फोन वाजायला लागला. हर्षद असणार. फोन वाजून वाजून बंद पडला, परत वाजला. कुशाबा दातांनी दोरी ओढत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

पहिला धोंडा सुटला तेव्हा मंगेश परत आला. अंगात नवा टी-शर्ट, छातीवर संघाचं नाव. होडीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे, त्याच्या रक्ताळलेल्या बोटांकडे तो गोंधळून बघत राहिला.

"आई, हे काय चाललंय? काकांनी धोंडे सोडले तर मग शर्यतीचं काय?"

"शर्यत नाय व्हायची," तुळसा म्हणाली. "त्यांना पानी दे. अजून दोन सोडायचे हायत."