शेंड्याचं सूत

ताकीले बेटावर मुलगी मागायला जाणाऱ्याने स्वतः विणलेली टोपी न्यायची असते. मुलीचा बाप टोपीत पाणी ओततो आणि ती हातात धरून अंगणाच्या टोकापर्यंत चालत जातो. टोपी गळली की मुलगी हातची गेली.

सेल्सोला हे लहानपणापासून ठाऊक होतं, आणि आज तो स्वतः टोपी घेऊन तेओदोराला मागायला आला होता. तेओदोराच्या बापाने, फाउस्तोने, तिला मागणी घालणाऱ्या दुसऱ्याची, सिक्स्तोची, टोपी मागच्या रविवारी पारखली होती. नक्षीचा पत्ता नाही, अगदी रडकी टोपी. पण पाणी धरून राहिली. सेल्सोची गळली तर सिक्स्तोला होकार, असं फाउस्तोने घरात सांगूनही टाकलं होतं.

गोम होती ती सुताच्या शेवटच्या गुंड्यात. इथे कातायचं बायकांनी आणि विणायचं पुरुषांनी. सेल्सोच्या टोपीचं सूत तेओदोरानेच कातून दिलेलं. एरवी तिचं सूत कसं घट्ट पिळाचं, नाव ठेवायला जागा नाही. पण सिक्स्तोचं स्थळ आलं, तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही आणि शेवटच्या गुंड्याचा पीळ सैल पडला. सेल्सोच्या बोटांना ते पहिल्याच टाक्याला कळलं. दुसरं सूत मागायचं म्हणजे तुझा हात चुकला हे तिला तोंडावर सांगायचं. ते काही त्याच्याने होईना. मग घरी बसून त्याने सुचेल ते करून पाहिलं. आणखी बारीक सुया घेतल्या, एकेक टाका पिरगळून घातला, शेवटी पक्ष्यांची नक्षी पार शेंड्यापर्यंत नेली, म्हणजे आतून फिरणाऱ्या दुसऱ्या रंगाच्या धाग्याने तरी वीण दाट होईल. विणायचं, पाणी ओतायचं, उसवायचं. काल पुरी झालेल्या या टोपीत पाणी जरा वेळ टिकलं, तेवढ्याच आशेवर तो आला होता.

फाउस्तोने टोपी उलटी धरून काठोकाठ भरली आणि चालायला लागला. मुद्दाम सावकाश चालतोय, असं सेल्सोला वाटलं आणि त्याचा राग आला. दारात तेओदोरा उभी होती. तिच्या हातातली सूत कातायची चाती थांबली होती. अर्ध्या अंगणात शेंडा ओला होऊन काळपट दिसायला लागला. कुंपणाची भिंत हाताच्या अंतरावर आली आणि थेंब फाउस्तोच्या पायावर पडला. मग दुसरा.

"गळली," फाउस्तो म्हणाला. "उसव."

गळलेली टोपी विणणाऱ्याने तिथेच उसवायची आणि सूत कातणारीला परत द्यायचं, ही रीत. सेल्सो खाली बसला. शेंडा शेवटी विणलेला, म्हणून आधी तोच सुटायला लागला. तेओदोरा समोर बसून ओलं सूत गुंडाळू लागली आणि लगेच थांबली. तिने धागा दोन बोटांत फिरवून पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"तुला विणताना कळलं होतं," ती हळूच म्हणाली.

सेल्सोने मान वर केली नाही. "टोपी मी विणलीय," तो म्हणाला.

"तायता, इकडे ये," तिने बापाला हाक मारली. "वीण याची पक्की आहे. पीळ माझा सैल पडलाय. हा माहीत असून गप्प बसलाय."

फाउस्तोने धागा हातात घेऊन ओढला. तो तटकन तुटला नाही, नुसता सुटत गेला. सेल्सोला वाटलं, आता अंगणातून हाकलणार.

फाउस्तोने दाराशी जाऊन आत चुलीपाशी बसलेल्या बायकोला सांगितलं, "सिक्स्तोच्या घरी जाऊन ये. दुसरीकडे बघा म्हणावं."

मग तो सेल्सोकडे वळला. "तुझी गळली ती गळलीच, पोरा. पुन्हा विणायची." आणि लेकीला म्हणाला, "तू कातायला बस. या खेपेला पाणी गळलं तर दोघांनाही जाब विचारीन."