कौसल्याबाईंचा पाहुणचार

मी शिक्रा बोलतोय. तुम्ही मला घार म्हणता, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. घार उकिरड्यावरचं मेलेलं उचलते. मी हलतं-चालतं धरूनच खातो. याच तोऱ्यानं माझं घर बुडालं.

यवतमाळच्या बाहेर, बाभुळगाव रस्त्याला एका लेआउटमध्ये माझं घरटं होतं. प्लॉट पाडताना सगळी झाडं गेली, भीमराज आणि त्याची बायको कौसल्याबाई यांच्या अंगणातला एक कडुनिंब तेवढा उरला. पाला पडतो म्हणून शेजारी कुऱ्हाडवाला घेऊन आले, तेव्हा कौसल्याबाई बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. वर माझी मादी तीन पिल्लांना घेऊन बसली होती. त्या दिवसापासून मी त्या बाईंना आपलं माणूस मानलं.

कापसाला भाव नव्हता, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आज ना उद्या वाढेल म्हणून भीमराजनं शेतातला कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरला होता. होळी गेली, भीमजयंती गेली, भाव जागचा हलला नाही. पाहुणे अंगणात बसायचे आणि खोलीत उंदीर नांदायचे. शेवटी भीमराजनं फवारणीचं उरलेलं औषध कणकेत कालवून गोळ्या टाकल्या. मी तारेवरून पाहिलं. मला वाटलं, यांनी उंदरांनाही जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी उंदीर डुलत बाहेर आले. भीमराजनं काठी उचलली, पण कौसल्याबाईंनी त्यांना झाडूनं हलकेच झाडाखाली लोटलं. "मारू नका जी. वर त्याचे लेकरं हायेत, त्याईले होते." औषध खाल्लं ते उंदरांनी, पाखरांनी नाही, असा त्यांचा सरळ विचार.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं मला झालं. आमच्यात नरानं शिकार आणायची आणि मादीनं फाडून भरवायची. मी तीन उंदीर नेले. माझ्या वाट्याला काही उरलं नाही, म्हणून मी वाचलो.

दुपारी मादी उंदरांसारखीच डुलली आणि फांदीवरून खाली पडली. पिल्लं घरट्यातच माना टाकून होती. मी त्यांना चोचीनं हलवून पाहिलं. मी स्वतःच्या पंजांनी नेलं होतं ते, दुसऱ्या कुणी नाही.

"उन्हानं मेली असन," भीमराज म्हणाला.

"उपाशी मेली," कौसल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तेवढ्याशानं काय होते?"

भीमराज अजून गोळ्या टाकतो, आणि तेव्हापासून त्या रोज एक डुलता उंदीर सुपात घालून भिंतीवर आणून ठेवतात. "ये रे बाबा, तू तरी जग." मी ओरडतो, तर त्यांना वाटतं भूक लागली. त्या आणखी एक आणतात.

भूकही खरीच आहे. लेआउटमध्ये सरडे राहिले नाहीत, चिमण्या राहिल्या नाहीत. दोन दिवस पोटात काही नाही, आणि समोरचा उंदीर अजून हलतोय. बाई दारात उभ्या आहेत. तुम्हाला त्यांची भाषा येते. मी झेप घ्यायच्या आत त्यांना कुणीतरी सांगा हो.