ठरलेली चूक

“बाई, शेवटच्या नळाची तोटी खराब असेल,” पहिल्या बाकावरचा मुलगा उभा राहून म्हणाला आणि बाई काही विचारायच्या आत खालीही बसला.

शाळेमागच्या नळांच्या रांगेत शेवटच्याच नळाला पाणी बारीक का येतं, एवढाच आजचा प्रश्न. उत्तर सांगायचं नाही, मुलांनी डोकं चालवून शोधायचं. विज्ञानाच्या बाई कितीतरी वर्षं असंच शिकवत होत्या आणि त्यापायी बोलणीही खात होत्या. आज मात्र तपासणीचे साहेब मागे बसले होते. त्यांना पटलं, तर साऱ्या शाळेत असं शिकवायला मोकळीक मिळणार होती. प्रश्न बाईंनी कुणाकडेच फोडला नव्हता. म्हणजे, भूगोल शिकवणाऱ्या ताई सोडून. पण ताई तर घरच्यासारख्या!

“टाकीत पाणी कमी असेल,” दुसरी मुलगी म्हणाली.

“मग सगळ्याच नळांना कमी आलं असतं,” तिसऱ्याने तिचं म्हणणं लगेच खोडून काढलं.

सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. एरवी या वर्गात नुसता गोंधळ असायचा. बाईंना शंका आली. त्यांनी मुद्दाम विचारलं, “आणि बाकीचे नळ बंद केले तर?”

साऱ्या माना दाराशी उभ्या असलेल्या ताईंकडे वळल्या.

“वा! मुलं चुकतात, सुधारतात. छान,” साहेब लिहिता लिहिता म्हणाले.

ते गेल्यावर बाईंनी ताईंना व्हरांड्यात गाठलं. “ताई, तुम्ही सांगितलंत मुलांना?”

“अगं, तुझ्यासाठीच ना! साहेबांसमोर दातखीळ बसली असती पोरांची. चुकासुद्धा वाटून दिल्या, खरं वाटावं म्हणून.”

“मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.”

“साहेब खूश आहेत ना? मग तोंड कशाला पाडतेस?”

ताई निघून गेल्या. केसाने गळा कापला आणि वर उपकार!

“बाई...”

मागे ‘शंकासुर’ उभी होती. प्रत्येक गोष्टीला “पण का?” विचारणाऱ्या या मुलीला वर्गाने ठेवलेलं नाव. निदान हिला तरी आज काहीतरी खटकलं असणार, या आशेने बाई वळल्या.

“बोल गं.”

“तुम्ही मला उठवलंच नाही,” ती रडवेली झाली होती. “भूगोलाच्या बाईंनी दिलेली माझी चूक राहूनच गेली.”

बाई म्हणाल्या, “म्हण आता.”

तिने हात मागे बांधले, घसा साफ केला. “बाई, पाइप गंजला असेल.”

आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.